लालपाण्या

परवा नातसुनेने द्राक्षे धुवायला घेतली. आमच्या भागातल्या द्राक्षांवर फवारे फार, म्हणून ती पातेल्यात लाल औषधाचे, म्हणजे परमँगनेटचे, चार दाणे टाकते. पाणी आधी जांभळे झाले, मग गुलाबी. थोड्या वेळाने रंग विटून मातकट दिसायला लागला, तशी ती म्हणाली, "आजोबा, औषध संपलं वाटतं. अजून टाकू का?"

मी म्हणालो, "टाक. त्याचं पोट भरलं नाही अजून."

तिला काही कळले नाही. वाक्य माझे नव्हतेच. ते सखाराम विरकरांचे होते, आणि ते माझ्या तोंडून निघाल्यावर मला आत जाऊन पडावे लागले.

विरकरांविषयी मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही. त्यांना ओळखणारे आता माझ्याखेरीज कुणी उरले नसावे. गावात कुणाला त्यांचे नाव आठवत असेल, तर बारवेत विष टाकणारा माणूस एवढेच आठवत असेल. ते खोटे आहे. त्या खोट्याला आधार माझ्या अक्षराचा मिळाला, तेव्हा ते निस्तरायचेही मलाच हवे. फार उशीर झाला आहे हे मला कळते. थकलोही आहे. पण आता नाही लिहिले तर राहूनच जाईल.

आमचे गाव कृष्णेच्या काठी, कराडच्या खाली. नदीच्या अलीकडे सरकारी मुलूख आणि पलीकडे संस्थान. चळवळीचे दिवस होते. सरकारी माणूस दिसला की लोक वाट बदलत. विरकर जिल्हा बोर्डाच्या नोकरीत. अशा दिवसांत बोर्डाचा हा एक नोकर महिन्या-दीड महिन्याने पायी गावात येई, विहिरींत औषध टाकी आणि पुढच्या गावाला जाई. उंच, हडकुळा माणूस. अंगात खाकी कोट, डोक्याला तांबडे मुंडासे, एका हातात छत्री, दुसऱ्या हातात बादली. बादलीत औषधाचा पत्र्याचा डबा आणि फडक्यात गुंडाळलेली एक पांढरी बशी.

माणदेशातले ते, दहिवडीच्या बाजूचे. घर मेंढपाळाचे. घराण्यात शाळेची पायरी चढलेले पहिलेच. माझे थोरले भाऊ अण्णा गावचे पोलीस पाटील होते. त्यांनी पहिल्याच भेटीत थट्टा केली होती, "विहिरीवर काम करतोस म्हणून विरकर झालास, का विरकर म्हणून विहिरीवर आलास?"

विरकर म्हणाले, "आमच्याकडं विहिरीच न्हाईत पाटील. नाव तेवढं हाय."

त्यांना कुणीही बोटांवरून ओळखले असते. लाल औषध पाण्यात गुलाबी दिसते, पण हाताला त्याचा डाग काथ्यासारखा तपकिरी बसतो. विरकरांची दहाही नखे तशी होती. जेवायला बसले की बायका त्यांच्या हाताकडे बघत आणि भाकरी जरा लांबूनच टाकत. त्यांना त्याचे काही वाटत नसे. हात धुताना मात्र बघण्यासारखे असत. तांब्याभर पाणी दिले तर त्यातले ओंजळभर घेत, त्यात दोन्ही हात, तोंड आणि डोळे धुऊन होत, आणि उरलेला तांब्या घरच्या बाईच्या हाती परत देत. एकदा आमच्या वहिनीने तो तांब्या त्यांच्यादेखत अंगणात रिकामा केला. ते जिथे पाणी पडले तिथे बघत राहिले. मग मला म्हणाले, "आमच्यात पावण्याला दूध न इचारता देत्यात. पाणी इचारून देत्यात."

देवीच्या देवळापुढे पायऱ्यांची बारव होती. उन्हाळ्यात नदी रोडावली, की सगळे गाव तिचेच पाणी पिई. एका अंगाला मोटेच्या बैलांची धाव होती, त्यावर देवळाचा मळा भिजे. विरकरांनी या बारवेत पहिल्यांदा औषध टाकले, तेव्हा देवळामागे एकटी राहणारी गौराक्का घागर घेऊन पायऱ्या उतरत होती. गौराक्का तोंडाची फटकळ. पाटलालाही ती सोडत नसे. पाणी बघून ती तिथेच थांबली.

"आरं मुडद्या, रगात घातलंस व्हय देवीच्या बारवंत?"

विरकरांनी फडक्यातून बशी काढली, तिच्यात ते गुलाबी पाणी घेतले आणि तिच्यासमोर पिऊन टाकले. म्हणाले, "आक्का, मी धनगर हाय. रगात असतं तर बकऱ्याचं का मेंढीचं ते बी सांगितलं असतं."

म्हातारी हसली नाही, पण दुसऱ्या खेपेला तिनेच त्यांना भाकरी दिली. 'लालपाण्या' हे नाव तिचेच. पुढे ते गावभर झाले, आजूबाजूच्या गावांतही गेले. विरकरांना ते आवडत असावे. पोरे लांबून ओरडली, की ते न बघता छत्री वर करीत.

औषधाविषयी ते जिवंत जनावराविषयी बोलावे तसे बोलत. "त्याला भूक असती, बापूराव. पाण्यात घाण असंल तर ते घाण खातंय, आन् खाता खाता त्येचा रंग उडतोय. लोकास्नी वाटतंय, रंग गेला, पाणी चांगलं झालं. उलटं हाय. सांजला टाकलेला रंग सकाळपातुर टिकला म्हंजी त्येचं पोट भरलं. मग पाणी बिनघोर प्यावं." बशी त्यासाठीच होती. पांढऱ्या चिनी मातीवर फिकटातला फिकट रंग कळे. सकाळी उठून ते आधी बारवेवर जात, बशीभर पाणी घेत, उन्हात धरत. रंग नसला की पुन्हा डबा उघडत. गावाला जे पाणी लाल म्हणून वाईट वाटे, ते त्यांच्या लेखी चांगले असे. हा उलटेपणा त्यांना शेवटपर्यंत लोकांना समजावता आला नाही.

एकदाच त्यांनी गावाला गप्प केले. बारवेच्या वरच्या पायरीला धुण्याचे दगड होते. तिथे धुणे धुतले तर पाणी बाहेर जाते, बारवेत नाही, असे सगळे म्हणत. विरकरांनी कमरेच्या पिशवीतला भंडारा काढला. देवाची हळद ती. एका फडक्याला चोळली आणि गौराक्काला म्हणाले, "आक्का, हे धू." तिने धुतले. माणसे पायऱ्यांवर बसून राहिली. विरकर तंबाखू मळत होते. चिलीम ओढून होईल एवढ्या वेळात खालच्या चिऱ्यांच्या सांध्यातून एक पिवळी रेघ उतरली आणि बारवेच्या पाण्यात पसरली.

विरकर म्हणाले, "हळद हाय म्हणून दिसली. आजारी माणसाचं धुणं असतं तर दिसलं नसतं." मग म्हणाले, "न दिसता आपल्याच घागरीतनं घरला आलं असतं."

महिनाभर बायका धुण्याला नदीवर गेल्या. नंतर ऊन वाढले, नदी लांब पडायला लागली, आणि दगड पुन्हा भिजू लागले.

बादलीची गोष्टही सांगितली पाहिजे. औषध कालवायची बादली ते विहिरीत सोडत. गावकुसाबाहेरच्या वस्तीची विहीर वेगळी होती. तिच्यात सोडलेली बादली गावच्या बारवेत चालणार नाही, असे अण्णांसह सगळ्यांनी सांगितले. विरकरांनी वाद घातला नाही. पुढच्या खेपेला दोन बादल्या आणल्या. एकीच्या काठाला चुन्याचा पांढरा पट्टा, दुसरी साधी. गावाचे समाधान झाले. वर्षभराने मी सहज विचारले, की पट्ट्याची बादली कुठल्या विहिरीची. ते दोन्ही बादल्यांकडे बघत राहिले आणि अगदी साळसूदपणे म्हणाले, "मलाच ठावं न्हाई. पयल्या दिसापास्नं न्हाई."

हे त्यांनी मला का सांगितले असेल? मी पाटलाचा भाऊ होतो. एका शब्दाने त्यांची नोकरी घालवू शकलो असतो. पण माझ्यावर त्यांचा विश्वास होता, आणि त्याचे कारण माझे अक्षर होते. मी सातवी पास होऊन शाळेत दुय्यम मास्तर होतो. पाटलाने ठेवायचे जन्म-मृत्यूचे बुक अण्णांच्या सहीने चाले, पण लिहीत असे मी. विरकर गावात आले की आधी चावडीत येऊन ते बुक मागत. नाव, वय, मरणाचे कारण. बोट फिरवत सगळे वाचत. "लय मोत्यावानी अक्षर," असे म्हणत. "वाचताना मेलेलं माणूस बी बरं वाटतंय." ते वाचून झाल्याशिवाय बारवेकडे जात नसत. मी कारण विचारले तर म्हणाले, "पाण्याला तोंड नसतंय, बापूराव. कुठल्या घरात कोण कशानं गेलं, त्यातनं ते बोलतंय. तुमचं बुक हेच त्येचं तोंड."

मग एका वर्षी चैत्रात माझी धाकटी चुलती गेली. आम्ही तिला नानी म्हणत असू. आमची आई आम्ही लहान असताना वारली. अण्णाला आणि मला नानीनेच वाढवले. ती नदीपलीकडे माहेरी कार्याला गेली होती. त्या बाजूला रोग चालला आहे असे नावाडी सांगत होता. ती परत आली, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे तिला ढाळ सुरू झाले. तांदळाच्या धुवणासारखे पाणी. पायांत गोळे. दुपारी तिचा आवाज गेला. मी तिचा हात धरला होता. दिवसभर धुणे धुतल्यावर होतात तशी तिची बोटे सुरकुतली होती. दिवेलागणीला ती गेली.

घरातल्या प्रत्येकाला कळले होते ती कशाने गेली. त्या रोगाचे नाव आमच्याकडे घेत नसत. तो रोग म्हणजे एक बाईच; नाव घेतले की ती ओळख धरते आणि घरात येते, असे म्हणत. त्यामुळे कुणी कुणाला गप्प राहा म्हणून सांगावे लागले नाही. वहिनीने नानीची वाकळ आणि लुगडी दुसऱ्या दिवशी बारवेवरच धुतली.

अण्णा चावडीत आले तेव्हा मी बुक उघडून बसलो होतो. जत्रा अकरा दिवसांवर आली होती. पटकीची, साहेबांच्या भाषेत कॉलऱ्याची, नोंद झाली, की पाटलाला त्याच दिवशी तालुक्याला कळवावे लागे, आणि मग जत्रा, बाजार, कुस्त्या सगळे बंद. पालखीचा मान आमच्या घराचा. दोन वर्षे दुष्काळाने जत्रा झाली नव्हती. या वर्षी अण्णांनी लांबलांबचे पैलवान बोलावले होते. ते माझ्याशेजारी बसले. त्यांचे डोळे रडून सुजले होते. म्हणाले, "बापू, आता नानी काय परत यायची न्हाई. काय लिवायचं ते तुला कळतंय."

मी 'हिवताप' लिहिले. कुणी माझा हात धरला नव्हता, हेही इथे लिहून ठेवतो.

विरकर चौथ्या दिवशी आले. नेहमीप्रमाणे बुक मागितले. नानीच्या नावाशी त्यांचे बोट थांबले. त्यांनी आधी दुखवट्याचे दोन शब्द सांगितले. नानीच्या हातचे ते जेवले होते. मग म्हणाले, "बापूराव, हिवताप भादव्यात येतोय. चैतात कुठनं आला?"

मी म्हणालो, जुना होता.

"वाकळ धुतल्याली म्हणं, बारवंवर."

त्यांनी बुक मिटून माझ्या हातात दिले आणि बादली उचलली.

त्या खेपेला ते पुढच्या गावी गेले नाहीत. देवळाच्या ओवरीत उतरले. संध्याकाळी औषध टाकले. सकाळी बशीत रंग नव्हता. पुन्हा टाकले, पुन्हा नव्हता. मी शाळेला जाताना रोज त्यांना त्या पायऱ्यांवर बघत होतो, बशी उन्हाकडे धरलेली, डोळे बारीक केलेले. डबा रिकामा झाला तेव्हा चालत तालुक्याला जाऊन दुसरा घेऊन आले. धुण्याच्या दगडांवर त्यांनी काट्यांच्या फांद्या रचल्या. गौराक्का त्यांची राखणदार झाली. घागरी घेऊन येणाऱ्या बायकांना ती सांगे, "लाल हाय तवर भरा गं. पांढरं दिसलं की भिया."

सगळ्या गावात त्यांचे म्हणणे एवढ्या एकाच माणसाला समजले होते.

जत्रेच्या दिवशी सकाळी रंग टिकला. मी देवळाकडे गेलो तेव्हा विरकरांनी मला हाक मारून बशी दाखवली. गुलाबी, स्वच्छ, तळाचा तडा दिसत होता. "भरलं पोट," म्हणाले. आठवड्याची दाढी वाढलेला तो चेहरा मी इतका आनंदी कधी पाहिला नव्हता.

तेवढ्यात गुरव देवीच्या स्नानाची घागर घेऊन आला. बारवेतून भरलेले ते गुलाबी पाणी त्याने तसेच अण्णांपुढे आणून ठेवले. माणसे जमली. देवीला रक्ताची अंघोळ घालायची का, असा प्रश्न कुणीतरी केला, आणि मग दुसरे काही ऐकायला कुणी तयार नव्हते. अण्णांनी बैल जोडायला सांगितले. दोन मोटा लागल्या. बारव उपसायला घेतली.

विरकर धावेवर जाऊन बैलांपुढे उभे राहिले. अण्णांना काकुळतीला येऊन सांगत होते, की आत्ता या घडीला सगळ्या जिल्ह्यात याच्याइतकं चांगलं पाणी नसेल; हे उपसाल तर खाली झिरपून येईल ते त्या दगडांखालचं येईल, आणि आज हजारो माणसे ते पितील. दोघांनी त्यांना धरून बाजूला केले. मारले नाही. नुसते उचलून ठेवले, वाटेतले खोड ठेवावे तसे.

ते तडक माझ्याकडे आले. मी देवळाच्या पायरीशी उभा होतो. कोटाची बाही फाटली होती, पण आवाज नेहमीसारखाच होता.

"बापूराव, एक शब्द खोडा. खरा शब्द लिवा. बुकात तो शब्द असला की मला बारव बंद करता येती, फौजदार बोलावता येतोय. न्हाईतर मी कोण? एक बादलीवाला."

मी त्यांना काय म्हणालो ते मला अक्षरशः आठवते. साठ वर्षे आठवते आहे. मी म्हणालो, "बुकात खाडाखोड चालत नाही."

त्यांनी माझ्याकडे बघितले. ज्या नजरेने ते बशीत बघत, त्याच नजरेने. मग वळून पायऱ्यांवर जाऊन बसले. दुपारपर्यंत मोटा चालल्या. गुलाबी पाणी पाटाने देवळाच्या मळ्यात गेले. तिसऱ्या प्रहरी बारवेत नवे पाणी आले, अगदी नितळ. लोकांनी गोमूत्र शिंपडले, जयजयकार केला, आणि जत्रा भरली.

तिसऱ्या दिवसापासून माणसे जायला लागली. आधी आमच्या गावात, मग जत्रेची माणसे जिथे जिथे परतली त्या गावांत. नदीपलीकडेही. आमच्या गावात किती गेले ते मी इथे सांगत नाही, कारण त्याचा आकडाही माझ्याच हातचा आहे आणि त्यावर मी कुणाला विश्वास ठेवायला सांगणार नाही. गौराक्का पहिल्याच आठवड्यात गेली. उपसा झाल्यावर तिने दोन दिवस बारवेचे पाणी घेतले नाही. पाणी लाल नाही म्हणून ती पीत नव्हती. मग उन्हाने हैराण होऊन प्याली.

विरकर पळून गेले नाहीत. दारोदार फिरून पाणी उकळायला सांगत, मीठ घातलेली पेज पाजत. गावात त्यांच्यावर दगड पडले. लालपाण्याने औषध घातले आणि माणसे मेली, एवढा सरळ हिशोब लोकांनी केला. सरकारने चळवळीचा सूड घेतला असेही कुणी म्हणाले. गावकुसाबाहेरच्या वस्तीने मात्र त्यांना ठेवून घेतले. तिथली विहीर कुणी उपसली नव्हती. त्या विहिरीचे पाणी पिऊन तिथे कुणी मेले नाही. कुणाच्या हे लक्षात आले नाही, किंवा आले तरी कुणी बोलले नाही. मी बोललो नाही.

चौकशीला साताऱ्याहून एक साहेब आले. चावडीत बैठक झाली. विरकरांवर आरोप होता, की गावात साथ नसताना, वरचा हुकूम नसताना त्यांनी पिण्याच्या पाण्यात मापापेक्षा जास्त औषध टाकले. विरकर म्हणाले, की पटकी जत्रेच्या आधीच गावात होती. साहेबांनी बुक मागवले. पान उघडून माझ्यापुढे केले.

"ही नोंद बरोबर आहे?"

अण्णा दाराशी उभे होते. मी म्हणालो, "होय."

साहेबांनी बुक विरकरांपुढे सरकवले आणि काही म्हणायचे आहे का असे विचारले. मला वाटले ते आता चैत्रातल्या हिवतापाविषयी बोलतील, वाकळेविषयी बोलतील. त्यांनी त्या ओळीवर तपकिरी बोट ठेवले. म्हणाले, "न्हाई साहेब. अक्षर चांगलं हाय."

त्यांना कामावरून कमी केले. जाताना त्यांनी दोन्ही बादल्या नेल्या. बशी बारवेच्या पायरीवर राहिली होती. ती कुणीतरी फोडली.

त्यानंतर मी त्यांना एकदाच पाहिले. देश स्वतंत्र झाला होता, अण्णा वारले होते, आणि मी बदली होऊन फलटणला शिकवत होतो. शाळेच्या कामाने दहिवडीला निघालो असताना मोटार वाटेत बिघडली. उतारू झाडाखाली बसले. मला तहान लागली होती, म्हणून मी तांब्या घेऊन जवळच्या नदीच्या पात्रात उतरलो. पात्र कोरडे होते. वाळूत कमरेइतका खड्डा करून एक माणूस करवंटीने पाणी काढत होता. मेंढरे वाट बघत उभी होती. त्याच्याजवळ एक बादली होती आणि तिच्या काठाला पुसट पांढरा पट्टा होता.

मी ओळख द्यायच्या आधीच ते म्हणाले, "या बापूराव."

दाढी पांढरी झाली होती. कुठे राहता, मुले किती, हे त्यांनी विचारले, मी सांगितले. मी बादलीकडे बघतोय हे बघून म्हणाले, "कुठली हाय ते अजून ठावं न्हाई," आणि हसले. मला हसता आले नाही. करवंटीत पाणी घेताना त्यांचा हात माझ्या अगदी जवळ आला. नखे साधी होती, कुणाही मेंढपाळाची असतात तशी. तपकिरी रंग कुठेच उरला नव्हता.

मी मनात वाक्य जुळवत होतो. इतक्या वर्षांत ते कितीदा तरी जुळवले होते. त्यांनीच मला वाट करून दिली. करवंटी माझ्या हातात देत, मेंढरांकडे बघत, गावाकडच्या माणसाची चौकशी करावी तसे म्हणाले, "नानी कशानं गेल्या हो?"

तिथे बुक नव्हते. साहेब नव्हता, अण्णा नव्हते. एक शब्द म्हणायचा होता, आणि तो ऐकायला ते आणि त्यांची मेंढरे यांखेरीज कुणी नव्हते.

मी म्हणालो, "वय झालं होतं."

नानी पंचेचाळीसची होती.

"व्हय," विरकर म्हणाले. "वय झालं की जातंय माणूस."

मग त्यांनी माझ्या हातातली करवंटी परत घेतली. पाणी तसेच ओतून दिले नाही. मुंडाशाचे टोक सोडून ते दुहेरी केले, त्यातून पाणी गाळले, आणि माझा तांब्या भरून दिला. म्हणाले, "वरनं गाळलंय. मुक्कामाला पोचल्यावर उकळून घ्या." सांडलेले दोनचार थेंब त्यांनी हाताने वाळूत पुसले आणि पुन्हा खड्ड्यात वाकले. मी चढण चढून वर आलो तेव्हा पात्रात फक्त त्यांची पाठ दिसत होती, आणि करवंटी वर-खाली होताना.

ते पाणी मी उकळून प्यालो. एवढे एक त्यांचे ऐकले.

ते बुक आता कुठल्या कचेरीत असेल, असेल की नाही, मला माहीत नाही. त्यात खाडाखोड चालत नसेल तर इथे लिहितो. सोनूबाई भ्रतार ज्ञानू, वय वर्षे पंचेचाळीस. मरणाचे कारण: पटकी.